खाडीच्या चिंबोऱ्या, नाशिकचा टब: प्रकल्पाच्या नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

विषय एकदाचा नक्की झाला. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. खाडीतल्या खेकड्याचं शरीर बदलत्या पाण्याला कसं तोंड देतं, ते बघायचं. मॅडमचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "नाशिकमध्ये बसून खाडी?" मी नकाशाच घेऊन गेले होते. गोदावरी त्र्यंबकला उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण बाई समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. काकिनाड्याजवळचं कोरिंगाचं कांदळवन तिच्याच मुखाशी आहे. वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरांतली, ती मात्र सरळ पश्चिमेला उतरते. म्हणजे आपल्या डोंगरावरचा पाऊस दोन्ही समुद्रांच्या खाड्या गोड्या करतो. मॅडम हसल्या आणि सही केली.

गोड्या करतो, हाच प्रकल्पाचा गाभा. मे महिन्यात खाडीचं पाणी समुद्राइतकं खारट असतं आणि जुलैच्या पुरात जवळजवळ नदीचं होतं. शिवाय दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. मासा पोहून निघून जातो. चिंबोरी बिळात राहते, तिला जे येईल ते अंगावर घ्यावं लागतं.

12 जानेवारी, रविवार

पहाटे निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मनोर आणि पुढे सफाळ्याच्या बाजूची खाडी. काका (प्रयोगशाळेतले) गाडी चालवत होते आणि जव्हारपर्यंत थंडीला शिव्या देत होते. उद्या पौर्णिमा, म्हणून उधाणाची ओहोटी मिळाली, संध्याकाळी तिवरांखालचा चिखल लांबवर उघडा पडला. पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर 26, म्हणजे हजार भागांत 26 भाग मीठ. खुल्या समुद्रात ती 35 च्या आसपास असते.

चिंबोऱ्या ज्यांच्याकडून घेतल्या त्या मावशींना आमची घाई समजेना. "पुनवेला कशाला आलीस पोरी, आता पोकळ असतात. अवसेला ये, भरलेल्या देते." मी म्हटलं खायच्या नाहीत. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते नोंदवहीत लिहिण्यासारखं नाही. नऊ घेतल्या. सुतळीने नांग्या बांधणं हे खरं कौशल्य: मावशींना एकीला दहा सेकंद, मला जमलंच नाही.

परतताना ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात. पाण्यात ठेवायच्या नाहीत, हे मॅडमनी बजावलं होतं. बंद डब्यातल्या पाण्यातला ऑक्सिजन तासाभरात संपतो. बाहेर ठेवलं आणि कवचाखालच्या पोकळीतले कल्ले ओले राहिले, तर त्या हवेवर दिवस काढतात. बाजारात बांधलेल्या चिंबोऱ्या तोंडाशी फेस काढत बसलेल्या दिसतात, तो याच उरलेल्या पाण्याचा.

14 जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सुट्टी असून गेले, बरं झालं गेले. टबातलं पाणी सकाळी 15 अंश. खेकडे हलत नाहीत, तिसरा पाय ओढला तरी परत घेत नाहीत. चिं-6, म्हणजे सहा नंबरची चिंबोरी, मेली.

आम्ही मीठ, ऑक्सिजन, अमोनिया सगळ्याचा विचार केला होता. नाशिकच्या थंडीचा केला नव्हता. कोकणातल्या खाडीला अशा सकाळी माहीत नाहीत. ही जात 20 अंशांखाली खाणं-फिरणं कमी करत जाते.

मेन रोडवरून मत्स्यालयाचे तीन हीटर आणले, 26 वर लावले. संध्याकाळी चिं-2 ने काठी पकडली. इतका आनंद तिळगुळाने झाला नव्हता.

थंडीत नक्की बिघडतं काय? मला वाटत होतं, सगळंच मंदावतं म्हणून गरजही घटते, मग त्रास कसला? फ्रेडरिक आणि पोर्टनर यांचं 2000 सालचं काम सापडलं, युरोपातल्या माजा स्क्विनाडो या खेकड्यावरचं. त्यात दिसतं की सोसण्याजोग्या तापमानाच्या दोन्ही टोकांना, गरम आणि गार, आधी हृदय आणि कल्ल्यांतून पाणी खेळवणारी यंत्रणा मागे पडते. भोवतीच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर, पण शरीराच्या आत टंचाई. हा नियम सगळ्या प्राण्यांना लागू आहे का यावर पुढे बरीच भांडणं झाली आहेत, पण टबात जे दिसलं त्याच्याशी ते जुळतं.

16 जानेवारी, गुरुवार

दुसरी चूक, आणि ही पूर्ण माझी. खाडीचं आणलेलं पाणी कमी पडलं, म्हणून एका टबात खडेमीठ विरघळवून क्षारता 30 केली. रिफ्रॅक्टोमीटर खूश. चिं-8 मात्र दोन तासांत उलटी पडायला लागली, पाय थरथरत होते. लगेच खाडीच्या पाण्यात हलवली, वाचली.

रिफ्रॅक्टोमीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम आणि क्लोराइडखेरीज साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम, 0.4 ग्रॅम कॅल्शियम आणि 0.4 ग्रॅम पोटॅशियम असतं. ते नसेल तर नसा आणि स्नायू गोंधळतात. सिडनी रिंगर यांना 1880 च्या दशकात हेच बेडकाच्या हृदयावर कळलं, तेही अपघाताने: त्यांच्या मिठाच्या द्रावणात हृदय छान धडधडायचं, कारण ते लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. शुद्ध पाण्यात बनवलं तर हृदय थांबायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं. आमचं नळाचं पाणी गंगापूर धरणाचं, त्यातलं कॅल्शियम चिं-8 ला पुरलं नाही एवढं खरं.

आता एप्सम सॉल्ट, कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड मापून घालतो. क्लोरीन मारायला थायोसल्फेट. खर्चाच्या वहीत हे पान लांबत चाललंय.

23 जानेवारी, गुरुवार

आठही खातात. सुकट आवडते, कोळंबीची सालं त्याहून जास्त.

ओळख पटवण्यात दिवस गेला. आपल्याकडच्या जुन्या प्रबंधांत प्रत्येक चिंबोरी 'स्किला सेराटा' असते. 1998 मध्ये कीनन, डेव्ही आणि मॅन यांनी या गटाची पुनर्मांडणी केली आणि चार जाती वेगळ्या काढल्या: सेराटा, ट्रँक्वेबॅरिका, ओलिव्हेसिया, पॅरामॅमोसेन. नांगीच्या 'मनगटा'च्या बाहेरच्या बाजूला सेराटाला दोन ठळक काटे असतात, ओलिव्हेसियाला तिथे जवळजवळ काहीच नसतं. आमच्या आठपैकी सात ओलिव्हेसिया वाटतात. चिं-3 बद्दल मॅडमचं आणि माझं मत वेगळं आहे. त्यामुळे जुन्या कागदांतले आकडे आमच्याशी ताडताना सांभाळून, ते कोणत्या खेकड्याचे आहेत हे त्या लेखकालाही माहीत नसायचं.

3 फेब्रुवारी, सोमवार

सुरुवात. तीन चिंबोऱ्या क्षारता 30 वर, तीन थेट 10 वर, उरलेल्या दोन 20 वर. या दोन तशा राखीव.

10 च्या पाण्यात टाकल्यावर पहिली दहा मिनिटं त्या टबाच्या कडेने पळत राहिल्या, नांग्या वर. मग कोपऱ्यात जाऊन घट्ट बसल्या. बाहेरून शांत, पण आत दोन गोष्टी एकदम सुरू झालेल्या असणार. रक्त पाण्यापेक्षा खारट, म्हणून पाणी आत घुसतं. आणि त्याच कारणाने मीठ बाहेर पाझरतं. जास्तीचं पाणी लघवीवाटे काढता येतं, पण खाडीच्या खेकड्याची लघवी रक्ताइतकीच खारट असते, पातळ लघवी त्याला करता येत नाही. म्हणजे पाणी काढताना मीठही जातं. भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसताना दर बादलीबरोबर थोडे मासेही फेकले जावेत तसं.

4 फेब्रुवारी, मंगळवार

नेसलरच्या द्रावणाने अमोनिया तपासला. 30 च्या टबाचं पाणी फिकट पिवळं, 10 चं गडद, चहाकडे झुकणारं. सारखंच खाणं, सारखंच पाणी, म्हणजे कालपासून उपाशीच.

काकांनी विचारलं, घाबरून मुतल्या का? उत्तर जवळपास तसंच आहे. पण हे पेशींच्या पातळीवर चालतं. खाडीच्या खेकड्याच्या पेशी आपला आतला दाब फक्त मिठावर तोलत नाहीत, ग्लायसिन, प्रोलिन, अॅलॅनिन, टॉरिन अशा सुट्या अमिनो आम्लांचा मोठा साठा त्या बाळगतात. रक्त पातळ झालं की पेशी फुगू लागतात. मग त्या हा साठा बाहेर टाकतात, दाब उतरतो, पेशी फुटत नाहीत. टाकलेल्या अमिनो आम्लांतला बराचसा भाग जाळला जातो आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात येतो. तो गडद रंग त्याचा.

याला पहिल्या दिवसाची मलमपट्टी म्हणावं. साठा संपेपर्यंतच चालणारी.

10 फेब्रुवारी, सोमवार

आठवडा झाला. 10 च्या टबातला अमोनिया बराच खाली आला, अजून 30 च्या वर आहे. आज रक्त.

शेवटच्या, वल्ह्यासारख्या पायाच्या मुळाशी मऊ पडदा असतो, तिथे सुई. पहिल्यांदा हात कापत होता. रक्त येतं ते पाण्यासारखं, आणि सिरिंजमध्ये हवा लागली की हळूहळू निळसर होतं. लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन. कितीदा वाचलं होतं, पण ते निळं होताना बघणं वेगळं. काका दोनदा बघायला आले.

रक्त लगेच गोठतं. गाठ मोडून, सेंट्रिफ्यूज करून वरचं 0.2 मिली घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजलं. द्रावण असं बनवलंय की ब्यूरेटचा 1 मिली म्हणजे लिटरला 100 मिलिमोल. बारावीतलं टायट्रेशन, विटकरी रंग आला की थांबायचं. बोटं काळी झाली, आई म्हणाली मेंदी लावलीस की शाई.

30 चा टब: पाणी 4.7, रक्त सरासरी 4.3.
20 चा टब: पाणी 3.1, रक्त 3.6.
10 चा टब: पाणी 1.6, रक्त 3.2.

तिसऱ्या ओळीकडे मी किती वेळ बघत बसले. बाहेर एक तृतीयांश उरलं, आत मात्र फक्त एक चतुर्थांश घटलं. पाण्याच्या दुप्पट खारटपणा आठवडाभर धरून ठेवलाय. आणि पहिल्या ओळीत उलटं: रक्त पाण्यापेक्षा किंचित कमी. याचा अर्थ 20 आणि 30 च्या मध्ये कुठेतरी रक्त आणि पाणी समसमान होतं, तिथे मीठ आत ओढणाऱ्या पंपाला सर्वांत कमी काम. मी 30 ला 'नियंत्रण गट' म्हणत होते, जणू ते तिचं घर. घर तर 26 होतं, मावशींच्या चिखलात मोजलेलं.

20 फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथालय. रक्तातलं मीठ धरून ठेवतं कोण? कल्ले. पण सगळे नाही. पुढच्या जोड्या मुख्यत: श्वासाच्या, पातळ पडद्याच्या. मागच्या जोड्यांमध्ये जाड, मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या पेशी. तिथे सोडियम-पोटॅशियम पंप असतो आणि पातळ पाण्यातूनही मीठ ओढून आत घेतो. सोबतीला कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर. गोड्या पाण्यात गेल्यावर या दोन्हींचं प्रमाण मागच्या कल्ल्यांत वाढतं, पण त्याला दिवस लागतात, काही खेकड्यांत आठवडा-दोन आठवडे. म्हणून पहिल्या दिवशी अमिनो आम्लं आणि नंतर पंप. दोन पाळ्या.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती याचा राग आला. हा पंप जगात पहिल्यांदा सापडला तो खेकड्याच्याच पायाच्या नसेत. डेन्मार्कच्या जेन्स स्कौ यांनी 1957 मध्ये किनाऱ्यावरच्या कार्सिनस खेकड्याच्या नसा कुटून त्यातलं हे विकर दाखवलं, आणि 40 वर्षांनी, 1997 मध्ये, त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बारावीच्या पुस्तकात पंप होता, खेकडा नव्हता.

पंप एका फेरीत तीन सोडियम पेशीबाहेर रक्ताकडे, दोन पोटॅशियम पेशीत, आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. हा शब्द नोंदवहीत अधोरेखित केलाय: खर्च.

1 मार्च, शनिवार

नदीचे दोन खेकडे मिळाले, गोदावरीच्या वरच्या अंगाचे, बॅरिटेल्फ्युसा. हे आपले, मराठवाड्या-नाशकाचे. औरंगाबादच्या विद्यापीठात नागभूषणम यांच्या गटाने याच खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांतल्या संप्रेरकांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या देठात एक ग्रंथी असते, तिचं संप्रेरक रक्तातली साखर वाढवतं. ऑक्सिजन कमी पडला, उष्णता वाढली की ते सुटतं. संकटात आधी खिसा मोकळा करायचा, असा तो प्रकार.

नदीच्या खेकड्याचं रक्त: ब्यूरेट 2.6. पाणी: जवळजवळ शून्य. हे बघितल्यावर चिंबोरीचा 3.2 फिका पडला. पण याची युक्ती वेगळी आहे. त्याचं अंगच कमी गळतं. पंप आहेच, पण भोकं बुजवल्यामुळे उपसा कमी. शिवाय त्याची अंडी फुटून थेट छोटे खेकडे निघतात, पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या नाहीत. चिंबोरीच्या अळ्यांना गोडं पाणी सोसत नाही, म्हणून अंडी घातलेली मादी खाडी सोडून समुद्रात जाते. इतकी पटाईत आई, पण पोरं समुद्राचीच.

9 मार्च, रविवार

रात्री नीट लिहिता येत नाहीये, तरी लिहून ठेवते.

दुपारी बारा ते साडेपाच लाइट नव्हती. इन्व्हर्टर चालू आहे असं आम्हाला सांगितलं होतं, तो चालू नव्हता. हवेचे पंप बंद. मी सहाला पोचले. पाणी 30 अंश. विंकलर पद्धतीने पाण्यातला ऑक्सिजन मोजला: लिटरला 1.4 मिलिग्रॅम. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे भरलेल्या पाण्यातही इथे समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के ऑक्सिजन कमीच मावतो. आणि गरम पाण्यात आणखी कमी.

30 च्या टबातल्या तिघी पृष्ठभागाशी येऊन तोंड हवेत काढून बुडबुडे करत होत्या. चिखलातल्या डबक्यात ओहोटीला हेच करतात, हवा तोंडाने पाण्यात मिसळवून कल्ल्यांवर सोडायची. 20 च्या दोघी तशाच. 10 च्या टबात चिं-4 मेलेली, चिं-1 तळाशी, नांगी उचलत नाही. फक्त चिं-7 वर आलेली.

11 मार्च, मंगळवार

चिं-1 सावरली. आकडे तीन-तीनचे आहेत, यावरून सिद्धांत मांडला तर मॅडम वही फेकून देतील. पण मला काय वाटतं ते इथे लिहायला हरकत नाही.

ऑक्सिजन कमी झाला की खेकड्याकडे पुष्कळ उपाय असतात. हृदय मंद करतो, रक्त महत्त्वाच्या जागी वळवतो. बिनऑक्सिजनचं इंधन जाळतो, त्यातून लॅक्टेट साचतं. लॅक्टेटने रक्त आम्ल होतं, आणि त्यामुळे हिमोसायनिनची ऑक्सिजनवरची पकड सुटायला हवी. पण तेच लॅक्टेट हिमोसायनिनला चिकटून पकड पुन्हा घट्ट करतं. त्रुशो यांनी 1980 मध्ये खेकड्यांत हे दाखवलं. कचराच औषध होतो. आम्लतेला उतारा म्हणून कवचातलं चुन्याचं कार्बोनेटही कामी येतं.

हे सगळे उपाय 30 च्या आणि 10 च्या, दोन्ही गटांकडे होते. फरक एवढाच की 10 वाल्यांचा पंप महिनाभर जास्तीची पाळी करत होता आणि पंपाला एटीपी लागतं. श्वास कोंडल्यावर तो पंप बंद करता येत नाही, केला तर मीठ गळतं. गेल्या महिन्यात बंद बरणीत ऑक्सिजनचा वापर मोजला होता, त्यात 10 वाल्यांचा वापर तिन्ही वेळा जास्त होता. तेव्हा मी त्या आकड्यांवर 'फारसा फरक नाही' लिहून पुढे गेले होते. पान 23. आता तिथे लाल पेनाने खूण केलीय.

गोडं पाणी त्यांनी महिनाभर सोसलं. कोंडलेलं पाणी बाकीच्या पाचजणींनी एक दुपार सोसलं. दोन्ही एकदम आल्यावर पाकीट एकच निघालं. जुलैच्या खाडीत हे एकदमच येतं: पूर, गढूळ पाणी, कुजणारा पाला. आणि शहराशेजारच्या खाडीत वर सांडपाणी.

20 मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. काका रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) धप्पा मारून आलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत केशरी. त्या हातांनी टबाला हात लावायचा नाही, असं त्यांना सांगावं लागलं. पाणी आता दुपारी हीटरशिवाय 31. जानेवारीत हीटर शोधत होतो, आता टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळतोय.

20 वाल्या दोघींनी खाणं सोडलंय. चिं-5 च्या मागच्या पायाच्या चपट्या भागावर कडेच्या आत दुसरी रेघ दिसते. मॅडम म्हणाल्या, कात टाकणार. 10 वाल्या कोणीच त्या वाटेवर नाहीत, 30 वाल्याही नाहीत.

27 मार्च, गुरुवार

सकाळी साडेसहाला टबात दोन चिंबोऱ्या दिसल्या, एक रिकामी. चिं-5 ने रात्री कात टाकली. मागच्या बाजूने फट पडून उलटी सरकत बाहेर आली असणार, नांग्यांसकट, त्या अरुंद मनगटातून एवढ्या मोठ्या नांग्या कशा ओढल्या ते बघायचं राहून गेलं. नवं अंग ओल्या रबरासारखं. पाणी पिऊन फुगलीय: जुनं कवच 94 मिलिमीटर रुंद, नवं 108, तेही टबात पट्टी धरून, हात न लावता.

आज रक्ताचा दिवस होता. 5 चं काढायचं नाही. रक्त आत्ता पाण्याने पातळ झालेलं असणार, आकडा काही सांगणार नाही, आणि सुई टोचली तर मरेल. जुनं कवच टबातच ठेवलंय, कडक झाली की ती ते खाईल, त्यातला चुना तिला हवाय. शेजारीण वेगळ्या टबात हलवली, नाहीतर तिनेच हिला खाल्लं असतं.

दारावर कागद लावला: टब क्र. 5, सोमवारपर्यंत कोणीही हात लावू नये. खाली काकांनी केशरी अंगठा उमटवलाय.